दोन रांगांचं दूध

साहेब येणार म्हणून हेडमास्तर किशनरावांनी शाळेला चुना मारून घेतला आणि मला बजावलं, "बाई, बाकी काय बोलायचं ते बोला, पण दुधाचा विषय काढू नका." मी हो म्हटलं. साफ खोटं म्हटलं. दुधाचा विषय काढण्यासाठीच तर मी दिवाळीपासून साहेबांची वाट पाहत होते.

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ सरला होता, पण दुष्काळात सुरू झालेली परदेशी दूधपावडर अजून येत होती. आमचं गाव वालूरपासून कोसभर. त्या वर्षी पावडरीच्या पोत्यांबरोबर खोकी भरून ग्लासही आले. पांढरे, प्लास्टिकचे, सगळे एका साच्यातले, तळाला परक्या भाषेतली अक्षरं. पाठवणाऱ्यांनी पोरागणिक एक असा साधा हिशोब धरला होता. आमच्या गावचा हिशोब त्यांना कोण सांगणार?

गावाने लगेच आपली सोय लावली. वऱ्हांड्यातली रांग ग्लासातून दूध प्यायची. खाली अंगणात दुसरी रांग, ती आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांची. त्यांनी हाताची ओंजळ करायची आणि शाळेत दूध वाटणाऱ्या नर्मदाबाईने लांब दांड्याचं ओगराळं उंच धरून वरून धार सोडायची. ओगराळं हाताला लागता कामा नये. मध्ये थांबलं की दूध सांडायचं, म्हणून पोरं श्वास न घेता गटागटा प्यायची आणि तरी अर्धं कोपरावरून मातीत जायचं. त्यांच्या वाट्याचे ग्लास खोक्यात तसेच बंद पडून होते.

मी त्या शाळेतली एकटी बौद्ध शिक्षिका. वाड्यातच धुरपतामावशीकडे राहायची. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी पहिलीत होते, आणि त्यांनी मला सांगितलं होतं की आता आपण कुणापुढे वाकायचं नाही. ते मी जरा जास्तच मनावर घेतलं. माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

रुजू झाले त्याच आठवड्यात मी किशनरावांना विचारलं होतं, "सर, हे कायद्यात बसतं का?"

"कायदा परभणीला हाय, बाई," ते म्हणाले. "इथं दत्तराव हायेत."

दत्तराव म्हणजे सरपंच. आमचा अख्खा वाडा त्यांच्या रानात कापूस वेचायला जायचा. मी अर्ज केला असता तर दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या चुली थंड पडल्या असत्या. म्हणून मला बाहेरून आलेला, मोठा, कुणाचं मिंधेपण नसलेला माणूस हवा होता. दूध पाठवणाऱ्या संस्थेचा एक साहेब जिल्ह्यात फिरत होता. कुठल्या शाळेत दूध कसं वाटावं हे त्याच्या शब्दावर ठरणार होतं. त्याने नुसतं 'एक रांग करा' म्हटलं की झालं, वाड्यातल्या कुणालाच तोंड उघडायची गरज नव्हती.

साहेबाची जीप आली ती शाळेकडे न वळता थेट आमच्या वाड्यात शिरली; मी शाळेला निघतच होते. खादीचा झब्बा, चष्मा, गळ्यात कॅमेरा. नाव बन्सीधर. माणूस सेलूचा निघाला, कापसाच्या मोठ्या पेढीतला. अमेरिकेत राहून माणसांच्या चालीरीतींचं शास्त्र शिकून आलेला. धुरपतामावशीच्या ओट्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, भाकरी मिळेल का?" मावशी गडबडून गेली. त्याने ज्वारीची भाकरी आणि ठेचा चवीने खाल्ला, तांब्याला तोंड लावून पाणी प्यायला. सगळा वाडा भिंतीवरून बघत होता. बाहेरच्या पाणंदीतून डोक्यावर सरपण घेऊन चाललेली नर्मदाबाईही थबकून बघत राहिली. माझं काळीज सुपाएवढं झालं. काम फत्ते झालं असंच मला वाटलं.

मी दुधाचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बाई, मी शिकलो त्यातली पहिली गोष्ट ही, की एका समाजाच्या फूटपट्टीने दुसरा समाज मोजू नये. प्रत्येक रीत तिच्या जागी अर्थपूर्ण असते."

"पोरांच्या कोपरावरून दूध मातीत जातं, त्यात काय अर्थ आहे साहेब?"

"तुमचा राग समजतो मला. पण एका देशात आमच्या लोकांनी असाच हट्ट केला. सगळ्यांना एका पंगतीत बसवलं. आठवडाभरात लोकांनी पोरं काढून घेतली, वाटप बंद पडलं. ज्या गरिबांसाठी हट्ट केला त्यांचीच पोरं उपाशी राहिली. दूध पोटात जावं एवढं आपण बघावं. ते कसं जावं, हे बाहेरच्यांनी ठरवू नये."

हे काही वेडगळ बोलणं नव्हतं. नेमकी तीच भीती माझ्याही पोटात होती, म्हणून ते जास्त झोंबलं.

"मी बाहेरची नाही," मी म्हटलं.

"तुम्ही शिकलात ना बाई. शिकलेला माणूस थोडा बाहेरचा होतोच."

माझं टाळकंच सरकलं. "ही रीत कुणाची, साहेब? ओगराळं धरणाऱ्याची की ओंजळ धरणाऱ्याची?"

"दोघांचीही."

"मग ओंजळ धरणाऱ्यांना विचारा."

त्याने तिथल्या तिथे विचारलं. "मावशी, पोरांना असं वरून दूध देतात, त्याचं तुम्हाला काही वाटतं का?"

मावशीने आधी दाराकडे पाहिलं. दारात दत्तरावांचा गडी मुंजाजी उभा होता, साहेबांना शाळेत न्यायला आलेला. मावशीने पदर सारखा केला. "काय वाटायचं सायेब? आमचा जलम असाच गेला. चालतंय."

बन्सीधरने माझ्याकडे बघून मान हलवली, बघा, मी म्हणत नव्हतो का, अशी.

"दारात कोण उभं आहे ते पाहिलंत का?" मी विचारलं.

"बाई, मी फक्त निरीक्षक आहे," तो हसून म्हणाला. आणि शाळेकडे जाता जाता त्याने मला आपला विचारही सांगून टाकला. जिल्हाभर वाटप स्थानिक पद्धतीप्रमाणे व्हावं, असं तो परभणीला सांगणार होता.

आजवर ही आमच्या गावची खोड होती. उद्या तिच्यावर शिक्का बसणार होता, आणि तो शिक्का मी दिवाळीपासून वाट पाहिलेला माणूस मारणार होता. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत कुणी विचारलं तर हेडमास्तर म्हणणार, आमी काय करावं, वरूनच तसं आलंय.

शाळेत दत्तराव हार घेऊन तयार होते. वऱ्हांड्यात खुर्ची मांडलेली, तीवर चादर. दुधाची वेळ झालीच होती. पातेल्यातून वाफ निघत होती. पोरं आपापल्या रांगेत उभी होती, वरची वर आणि खालची खाली. वरच्या रांगेतल्या पहिल्या लॉटचं पिऊन झालं होतं, त्यांचे ग्लास वऱ्हांड्यातल्या कापलेल्या पिंपात, पाण्यात धुवायला टाकले होते.

"बसा सायेब, दूध घ्या," दत्तराव म्हणाले.

"खुर्ची नको," बन्सीधर म्हणाला. "मला मुलांबरोबर प्यायचंय. तुमच्या पद्धतीप्रमाणे. कुठे उभा राहू?"

दत्तराव काही बोलायच्या आत नर्मदाबाईने ओगराळं अंगणाकडे केलं. "तितं."

"नर्मदे!"

"मालक, त्यांनी धुरपतीच्या घरी भाकर खाल्ली. पानीबी पिले. म्या माज्या डोळ्यानं बगितलं. तिच्या घरचं खाल्लं त्यो तिकडं, ही तुमीच सांगितलेली रीत न्हवं का?"

ती कुचकेपणाने बोलत नव्हती. बाई विधवा, बिघाभर रानावर आणि या कामावर पोट. तिला जे सांगितलं होतं ते ती मुकाट्याने आणि तंतोतंत पाळायची, एवढंच. दत्तराव मात्र कोंडीत सापडले. साहेबाला रीत लागू नाही म्हणावं तर रीत वाकते, आणि लागू आहे म्हणावं तर साहेब खाली जातो.

साहेबाने त्यांची सुटका केली. "बाईंचं बरोबर आहे," तो हसत म्हणाला. "खास माझ्यासाठी काही करू नका." त्याने कॅमेरा किशनरावांच्या हातात दिला, कळ कुठे दाबायची ते दाखवलं आणि पायऱ्या उतरून खालच्या रांगेत पहिला जाऊन उभा राहिला. हे काही मी ठरवून घडवलं नव्हतं. पण थांबवायलाही मी पुढे झाले नाही.

त्याच्या मागे तिसरीतली चांगुणा होती. तोंडाची फटकळ, पाढ्यांना पक्की. तिने साहेबाच्या झब्ब्याला धरून खाली ओढलं. "सायेब, बोटं घट्ट धरा. न्हाईतर समदं गळतंय."

त्याने बोटं घट्ट धरली. नर्मदाबाईने ओगराळं खांद्याच्या वर नेलं आणि धार सोडली. पहिली धार ओंजळीत पडली, निम्मी मनगटावरून बाहीत गेली. तो हसला. दुसरी धार घड्याळावर आली. वाकून प्यावं तर हनुवटीवरून झब्ब्यावर, झब्बा सांभाळावा तर दूध बोटांतून खाली.

"बाई, जरा खाली धरा की," तो मान वर करून म्हणाला.

"न्हाई जमत. ओगराळं लागंल तुमाला."

"लागलं तर काय होईल?"

नर्मदाबाईने ओगराळं पुन्हा भरून घेतलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. खालच्या रांगेला दूध देताना ती कधीच कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही, डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघायची. त्याची मान वर असतानाच तिने पुढची धार सोडली आणि दूध त्याच्या चष्म्यावर आलं. वऱ्हांड्यातली पोरं खदाखदा हसली.

"अहो, मी सेलूच्या..." तो एवढं बोलला आणि पुढचं घराण्याचं नाव त्याने गिळलं. त्याचे कान लाल झाले होते. ओंजळ त्याने सोडून दिली, हात झटकले. "पुरे झालं. मला ग्लास द्या."

त्याचा आवाज आता निराळा होता.

"दे गं, दे ग्लास," दत्तरावांना हायसं वाटलं. "सायेबाचं येगळं."

नर्मदाबाईने ग्लास पायरीवर ठेवला. तो त्याने उचलला, तिने वरूनच भरला, आणि तो प्यायला. रुमालाने चष्मा पुसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक रीत अर्थपूर्ण असते म्हणणाऱ्याला एक ओगराळंभर रीत सोसली नव्हती, आणि वेगळा ग्लास घेताना लाजही वाटली नव्हती. हा आता परभणीला जाऊन आमच्या पोरांच्या नशिबी ओंजळ लिहिणार होता.

"मलाबी ग्लास."

चांगुणा बोलली होती. तिने हात पाठीमागे घेतले होते.

"काय म्हनलीस?" दत्तरावांनी विचारलं.

"सायेब आमच्या रांगंत व्हते. त्यास्नी दिला. मग मलाबी द्या."

"तुजा बाप कुनाच्या रानात कामाला जातो, ठावं हाय का?"

चांगुणाने मान डोलावली. तिला ठाऊक होतं. पण तिने ओंजळ केली नाही, आणि तिच्या मागच्या पोरांनीही धरलेले हात एकेक करून खाली सोडले. मी वऱ्हांड्यातून उतरून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आता वाड्यातलं काम गेलं, माझी नोकरी गेली, सगळं गेलं असं वाटत होतं.

वाट काढली ती नर्मदाबाईने. साहेबाच्या हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे बोट करून ती म्हणाली, "मालक, ह्यो तर आता बाटलाच. ह्या पोरांना ह्याच्यातच देते. ह्यांचा म्हनून येगळा ठिवू."

दत्तरावांच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. "ठिवा," ते म्हणाले. किशनरावांनी सुस्कारा टाकला. आणि बन्सीधर माझ्याकडे वळून केवढ्या आनंदाने म्हणाला, "बघा बाई! रीत अशी आतूनच बदलते. कुणी जबरदस्ती केली का?"

एक ग्लास. अख्ख्या रांगेला मिळून एक बाटलेला ग्लास, आणि उद्या तीच नवी रीत. मी साहेबाच्या हातातून तो ग्लास घेतला. त्याला वाटलं मी तो चांगुणाला देणार. मी पायऱ्या चढले आणि ग्लास पिंपात टाकला, वरच्या रांगेचे उष्टे ग्लास तरंगत होते त्यांच्यात. मग बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून पाणी घुसळलं.

"बाई, हे काय केलं?" दत्तराव ओरडले.

"ग्लास धुवायला टाकला."

"कोनता व्हता त्यो?"

"बघा ओळखता येतो का."

ओळखणार कसा? आमच्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात. कुणाच्या तांब्याला कुठे पोचा आहे हे गावाला पाठ असतं. ही कारखान्यातून निघालेली शेकड्याने एकसारखी भांडी, त्यांना ना नाव ना घर. आमच्या गावात पहिल्यांदाच अशी वस्तू आली होती, जिच्याकडे बघून मालकाची जात कळत नव्हती.

पण एक माणूस माझ्या मागोमाग पायऱ्या चढून पिंपाशेजारी येऊन उभा राहिला होता. मी घुसळत असताना त्याची नजर एका ग्लासाच्या मागे मागे फिरत होती, आणि कडेला येऊन थांबलेल्या त्या ग्लासावर ती अजून खिळलेली होती. ते मला दिसलं. दुर्दैवाने दत्तरावांनाही दिसलं.

"सायेब, तुमी बगत व्हते," ते एकदम गोड आवाजात म्हणाले. "तुमचा कोनता, तेवढा काडून द्या. कायबी झालं न्हाई असं समजू."

"मी... मी फक्त निरीक्षक आहे."

"मग निरीक्षन केलंच असंल की."

बन्सीधरच्या बाहीतून अजून दूध ठिबकत होतं. त्याने खाली चांगुणाकडे पाहिलं. तिचे हात अजून पाठीमागेच होते. मग माझ्याकडे पाहिलं. मला त्याचा काडीचाही भरवसा नव्हता. तो वाकला, हात त्या ग्लासाच्या दिशेने नेला, आणि मी डोळे मिटून घेतले.

"सगळेच माझे आहेत, दत्तराव," तो म्हणाला.

मी डोळे उघडले. त्याने हात पाण्यात घातला होता आणि सगळे ग्लास पुन्हा एकदा फिरवले होते.

"म्हंजी?"

"यातला कुठलाही काढा, मी प्यायलो तोच समजा." माणूस घाबरला होता, पण थांबला नाही. "यापुढे दूध येईल ते ग्लासासाठी येईल. ओंजळीसाठी येणार नाही. कुठल्याच शाळेत. परभणीला मी हेच सांगणार आहे."

दत्तराव पायरीशी गेले. मग वहाणा पायात सरकवल्या. "सांगा," ते म्हणाले. "उद्या ह्या वऱ्हांड्यात किती पोरं ऱ्हातेत, तेबी येऊन मोजा." ते फाटकातून गेले, आणि भिंतीपलीकडून साहेब बघायला जमलेल्या आयांच्या हाका सुरू झाल्या. वरच्या रांगेतली काही पोरं दप्तर उचलून निघाली. काही घुटमळली. पातेल्यातल्या गरम दुधाचा वास सुटला होता, आणि भुका तर सगळ्यांनाच लागल्या होत्या.

नर्मदाबाई पिंपाकडे बघत उभी होती. "म्हंजी आता समदेच बाटले," ती स्वतःशीच म्हणाली. थोडा विचार केला. "मग कुनालाबी कोनताबी दिला तर काय झालं?"

तिने एक ग्लास काढला, पाणी झटकलं, ओगराळ्याचा काठ ग्लासाच्या काठाला टेकवून तो भरला आणि चांगुणापुढे धरला. धरताना तिने पहिल्यांदाच त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. "घे गं," म्हणाली. "गरम हाय."

चांगुणाने दोन्ही हातांनी ग्लास धरला. एक घोट घेतला आणि थांबली. दूध कुठेच गेलं नाही. तिने आत डोकावून पाहिलं, श्वास घेतला, पुन्हा एक घोट घेतला आणि पुन्हा थांबली. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

उद्या काय होणार, वाड्याला काम राहणार का, मला काहीच माहीत नव्हतं. किशनराव घड्याळाकडे बघत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, तासाची वेळ झाली. घंटा देऊ का?"

"थांबा," मी म्हटलं. "तिचं पिणं होऊ द्या."